टाइमशीटमध्ये तास कमी टाकायला सांगतात, काय करू?

प्रश्न: मॅडम, मी सात महिन्यांपूर्वी एका ऑडिट फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागले. एका कामाला १६ तासांचं बजेट होतं, मला २५ लागले. सिनियर म्हणाले १७ टाक, शिकण्यात गेलेला वेळ क्लायंटच्या नावावर लिहायचा नसतो. आता दर आठवड्याला हेच चाललंय, बाकीचे म्हणतात सगळेच असं करतात. खरे तास टाकले तर मी स्लो आहे असं दिसेल. महिनाअखेरीला रिव्ह्यू आहे. हे फील्डच सोडू का?

उत्तर: अगं, २५ तास लागले म्हणजे तू स्लो, हे कुणी ठरवलं? तो १६ चा आकडा आला कुठून हे कुणाला विचारलंस का? बऱ्याचदा तो मागच्या वर्षीच्या टाइमशीटवरून उचललेला असतो, आणि मागच्या वर्षी तुझ्या जागी तुझ्यासारखंच कुणीतरी नवीन बसलेलं असणार, त्यानेही २२-२३ तास घालवून भीतीपोटी १६ टाकले असतील तर आज तू ज्या बजेटला घाबरतेयस ते बजेटच खोटं आहे. आणि तू १७ टाकलेस की पुढच्या वर्षी जो येईल त्याच्या माथी तेच.

मी काउन्सेलिंगमध्ये यायच्या आधी सहा वर्षं अशाच एका फर्ममध्ये होते. रात्री अकराला लॅपटॉपवर टाइमशीट उघडायचे, दिवसभरात साडेअकरा तास काम झालेलं असायचं आणि मी आठ टाकायचे, त्यातलेही दोन ट्रेनिंगच्या कोडवर, म्हणजे कुठल्याच क्लायंटच्या नावावर नाही. वरचे साडेतीन कुठेच नाहीत. वर्षाच्या शेवटी रिव्ह्यूत मॅनेजर म्हणाले तुझं युटिलायझेशन कमी आहे, इतरांच्या मानाने तुझ्याकडे काम कमी दिसतंय. मला रडू आलं पण बोलता काहीच येईना, कारण दाखवायला पुरावा नव्हता, तो मीच रोज रात्री पुसत होते. म्हणून तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसले.

हे युटिलायझेशन प्रकरण नीट समजून घे, रिव्ह्यूत हाच शब्द येणार आहे. तुझ्या उपलब्ध तासांपैकी किती तास क्लायंटच्या कामावर पडले, ते युटिलायझेशन. आणि झालेल्या कामाची फर्मच्या रेटने जी किंमत होते तिच्यातली प्रत्यक्षात किती बिलात आली, ते रिअलायझेशन, हे जॉब सांभाळणाऱ्या मॅनेजरच्या खात्यात बघतात. आता तू आठ तास लपवलेस की तुझं युटिलायझेशन पडतं आणि त्यांचं रिअलायझेशन छान दिसतं. त्यामुळे ‘लिहू नकोस’ असं स्पष्ट कुणी म्हणत नाही, ‘बजेटमध्ये बसव ना जरा’ एवढंच म्हणतात.

सिनियरच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नको. तुझ्या शिकण्याचे पैसे क्लायंटने का द्यावेत, बरोबरच आहे. पण क्लायंटला किती लावायचं हे पार्टनर किंवा मॅनेजर ठरवतात, जे लावायचं नसेल ते राइट-ऑफ करतात, म्हणजे बिलातून सोडून देतात, त्यांच्या नावाने, आणि त्याची नोंद राहते. तू फक्त झालेलं काम लिहायचंस. स्टँडर्ड वाचत बसलीस, ट्रेनिंगचा व्हिडिओ बघितलास तर तो वेळ ट्रेनिंगच्या कोडवर जाऊ दे, पण क्लायंटची बिलं काढून एकेक जुळवलीस तर ते क्लायंटचंच काम, भले तुला दुप्पट वेळ लागो. फी फिक्स आहे मग काय फरक पडतो असंही कुणी म्हणेल. फरक हा पडतो की हे काम तोट्यात चाललंय हे फर्मला कळतच नाही, मग पुढच्या वर्षी फीही तीच आणि माणसंही तेवढीच.

मला खरी काळजी पुढच्या पायरीची वाटते. रोज फुकट तास देऊन माणूस थकतो, आणि मग एका रात्री २५ सॅम्पल, म्हणजे तपासायला निवडलेले व्यवहार, बघायचे असतात, ११ बघून होतात आणि उरलेल्या १४ वर न बघताच टिक पडते. हे आजचं नाही, अमेरिकेत ऑडिटरांच्या जबाबदाऱ्या तपासायला नेमलेल्या कोहेन आयोगाने १९७८ च्या अहवालातच लिहिलं होतं की वेळेच्या आणि बजेटच्या दबावामुळे ऑडिटचं काम कच्चं राहतं. तास कमी टाकलेले निदान तुझे असतात गं, ती टिक मात्र दुसरे लोक खरी धरून चालतात. तिथपर्यंत जाऊ नकोस, कुणीही सांगितलं तरी.

आता काय करायचं. टाइमशीट रोजच्या रोज भर, आठवड्याची एकदम भरलीस की आकडे आपोआप बजेटकडे सरकतात. बऱ्याच फर्ममध्ये सहा मिनिटांचा एक युनिट असतो, म्हणजे तासाचा दहावा भाग, तेवढं बारीक जमलं नाही तरी चालेल पण शेजारी काय केलं ते लिही. नुसतं ‘व्हेंडर बॅलन्स’ लिहू नको, ‘व्हेंडर बॅलन्स जुळवले, ९ कन्फर्मेशन आली नाहीत, पुन्हा मेल केले’ असं लिही, मग तास का वाढले ते वाचणाऱ्याला कळतं. आणि १६ पैकी १० संपले आणि काम अर्धंच झालंय असं दिसलं की तेव्हाच सिनियरना दोन ओळींचा मेल टाक, की अमुक राहिलंय, अजून एवढे लागतील, काय करू. शेवटी २५ चा आकडा एकदम समोर आला तर कुणीही चिडेल, दहाव्या तासाला सांगितलंस तर ते मदतीला माणूस देतील किंवा स्कोप बघतील. तरी तोंडी ‘१७ टाक’ आलंच तर शांतपणे म्हण, सर मी २५ टाकते, तुम्ही राइट-ऑफ करा.

थोडं ऐकावं लागेल, हे तुझ्यापासून लपवत नाही. पहिले दोन-तीन महिने तुझे आकडे शेजारच्यांपेक्षा वाईट दिसतील. पण सातव्या महिन्यात २५ लागलेलं काम दहाव्या महिन्यात १८ वर आलं तर ती प्रगती कागदावर दिसेल, आत्ता १७ टाकून बसलीस तर कधीच दिसणार नाही.

फील्ड सोडायचा विचार सध्या बाजूला ठेव. एका टीमवरून अख्ख्या क्षेत्राचं ठरवू नको. पण खरे तास टाकल्यावर कुणी तुझी एंट्री तुला न विचारता बदलली किंवा न बघितलेल्या सॅम्पलवर सही मागितली तर मात्र एचआर किंवा दुसऱ्या पार्टनरशी बोल, आणि तिथेही ऐकलं नाही तर फर्म बदल. नवीन इंटरव्ह्यूत स्वतः विचार की काम बजेटच्या वर गेलं तर तुमच्याकडे काय करतात, उत्तर द्यायला समोरचा किती अडखळतो ते बघ.

रिव्ह्यूच्या आधी गेल्या सात महिन्यांतल्या तीन-चार कामांचे खरे तास आठवून, मेलच्या वेळा बघून, एका कागदावर काढ आणि सोबत घेऊन जा. काय बोलणं झालं ते मला नक्की कळव.