दुखणं खरं, मग नुसतं श्वासाकडे बघून काय होणार?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ६३. एसटीत ड्रायव्हर होतो. कमरेचं ऑपरेशन झालं, तरी डाव्या पायात टाचेपर्यंत कळ जाते. चार वर्षांपासून ट्रामाडोल, म्हणजे दुखण्याची गोळी, घेऊन राहिलो. आधी दिवसाला दोन, आता चार. मेडिकलवाला दर वेळी चिठ्ठी मागते, अन् चारचौघांत गर्दुल्ल्यासारखा पाहते. सून म्हणते, ‘बाबा, माइंडफुलनेस करा, गोळी सुटेल.’ म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का? अन् गोळी एकदम बंद करून टाकू का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, एकदम बंद अजिबात करू नका. शरीर गोळीला सरावलंय. अचानक तोडली तर जांभया, नाकाला पाणी, जुलाब, घाम, रात्रभर पायांची तगमग, आणि कंबर आधीपेक्षा जास्त ठणकते. मग माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं भागतच नाही, आणि तो पाचवी घेतो. मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची. त्याला महिनेही लागतात. झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर तीही त्यांना दाखवा, कारण ट्रामाडोलशी काहींचं जमत नाही, झटके येऊ शकतात.

मेडिकलवाल्यावर रागावू नका. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडोल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठी मागणं त्याला भागच आहे. नजर मात्र त्याने सुधारावी, हे खरं.

दुखणं मनाचं नाही. पण कळ आली की तिच्या मागोमाग येतं तेही खरंच असतं ना? आजची रात्र कशी जाणार, पाय लुळा पडला तर, पाकिटात गोळ्या किती उरल्यात. या धास्तीनेही दुखणं वाढतं. शिवाय ट्रामाडोलसारख्या, अफूच्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींचं अंग उलट जास्त हळवं होतं.

सुनबाई म्हणतात ते माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये त्याचा वर्ग सुरू केला, तो तुमच्यासारख्याच, उपचार करूनही दुखणं न गेलेल्या लोकांसाठी. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्यांसाठी त्याच धर्तीवर वेगळी पद्धत तयार झाली. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या चाचणीत, गोळ्यांचा गैरवापर होऊ लागलेले २५० रुग्ण होते. नऊ महिन्यांनी ही पद्धत शिकलेल्या गटातल्या ४५ टक्के लोकांचा गैरवापर थांबला होता. नुसत्या आधारगटात सुमारे २४ टक्के. मोठा फरक आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना पुरलं नाही, हेही सुनबाईंना सांगा.

त्यातली एक गोष्ट आजपासून करा. दुपारच्या गोळीची वेळ झाली की पाकीट हातात घ्या, पण गोळी फोडण्याआधी तीन मिनिटं खुर्चीत बसा. श्वास येतो-जातो तो बघा. मग कळ नेमकी कुठे आहे ते शोधा. कुल्ह्यात? पोटरीत? जळतेय, टोचतेय, की मुंग्या आहेत? जागा बदलते का? आणि स्वतःला विचारा, ही गोळी आत्ताच्या कळेसाठी, की चार वाजले म्हणून, की रात्रीच्या भीतीपोटी? उत्तर काहीही येवो, सध्या ठरलेली गोळी घ्याच. फक्त ते उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत वही डॉक्टरांपुढे ठेवा. कुठली गोळी आधी उतरवायची, ते तिथे दिसतं.

दुसरं थोडं चैनीचं वाटेल. दुखण्यात बरं वाटणाऱ्या गोष्टींकडे लक्षच जात नाही. आत्ता उन्हाळा आहे. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येतो, त्याच्यासोबत मिनिटभर थांबा. या पद्धतीत हेही मुद्दाम शिकवतात.

माहुरझरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर कुणी सुचवेल. तूर्त नको. तासन्‌तास बैठक तुमच्या कमरेला झेपायची नाही. आणि पुढे कधी गेलातच तर अर्जात या गोळ्या लपवू नका. घरी खुर्चीत, नाही जमलं तर आडवं पडून केलं तरी चालतं.