शुक्रवार नेमका कोणाचा?

प्रिय मावशी,

मी इस्राएलमध्ये अश्दोदला राहते. वय 34. लग्न होऊन ठाण्याहून इथे आले, उलपानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात, हिब्रू शिकले, सरकारी परीक्षा देऊन नर्सिंगचा परवाना मिळवला. सहा वर्षं झाली रुग्णालयात काम करतेय. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीनचा, दोघंही गनमध्ये, म्हणजे बालवाडीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, पण नवऱ्याचा जन्म इथलाच. त्याची नोकरी रविवार ते गुरुवार. माझी पाळीची, आणि महिन्यातले तीन शुक्रवार तरी सकाळी सात ते दुपारी तीन. शबात म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पाळायचा शनिवारचा विसावा, आणि दर शुक्रवारी रात्री त्याचं जेवण आमच्याकडे असतं. सासूबाई, दीर, जाऊबाई आणि मुलं धरून दहा माणसं.

गेल्या शुक्रवारी मला जमलंच नाही. येता येता दुकानातून तळलेला मासा, दोन सॅलड आणि हल्ला, म्हणजे शबातचा वेणीसारखा पाव, घेऊन आले. सासूबाईंनी प्लास्टिकचे डबे पाहिले, "आमच्या वेळी विकतचं शब्बाथच्या टेबलावर आलं नाही कधी" म्हणाल्या आणि माशाला हात लावला नाही. नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी तर म्हणतो मदत करतो, हीच सांगत नाही काय करायचं ते." मी ममादमध्ये, म्हणजे घरातल्या रॉकेटपासून बचावाच्या खोलीत, जाऊन दार लावून रडले. आणि आता मुलीने गनमध्ये सांगितलंय, "इमा (आई) शबातला झोपते." मुलाला ताप आला तरी रजा मीच घेते. सासूबाई म्हणतात, अर्धवेळ कर. करू का?

एक सून

अगं पोरी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नको करूस. निदान या कारणासाठी तर नकोच. अर्धवेळ केलंस की पगार अर्धा होईल, आणि 2008 पासून इथे प्रत्येक नोकरदाराला लागू असलेली पेन्शनची रक्कमही त्याच मापाने कमी होईल. शुक्रवारचा स्वयंपाक मात्र तेवढाच राहील. उलट "आता तर वेळ आहे तुला" म्हणून दोन पदार्थ वाढतील. मी पाहिलंय हे.

आता त्या माशाकडे येऊ. तुझ्या पत्राचं पाकीट रिकामं झालं आणि मला पहिल्यांदा हसूच आलं. रागावू नकोस. तू पुढच्या पानावर लिहिलंयस की तुम्ही मसोर्ती, म्हणजे परंपरा जमेल तेवढी पाळणारे: मेणबत्त्या लावता, किद्दुश (द्राक्षरसावरची शबातची प्रार्थना) करता, पण जेवण झालं की दीर गाडी काढून घरी जातात. धर्माने शबातला मना असलेली गाडी चालते, विकतचा मासा चालत नाही! यावरूनच समजून घे की हा प्रश्न धर्माचा नाही. कोषेर, म्हणजे धर्माला चालणारा, असा शिक्का असलेला मासा होता ना? मग झालं.

सासूबाईंना जे लागलं ते वेगळं आहे. माझा अंदाज सांगते, कारण मीही सासू आहे आणि सुनेचा फ्रिज उघडून बघण्याचा गुन्हा माझ्याही नावावर आहे. त्यांचं वय तू 74 लिहिलंयस. आयुष्यभर ज्या बाईने नारळाचं दूध काढून माशाची आमटी केली, ती आता दर शुक्रवारी पाहुण्यासारखी येऊन खुर्चीवर बसते आणि वाढलेलं खाते. हातात काही काम नाही. मग तोंडाला काम मिळतं.

"आमच्या वेळी" या गोष्टीबद्दल मात्र मला थोडं बोलू दे, कारण ती वेळ माझीही होती. मी 1971 मध्ये पनवेलहून आले, इथे दक्षिणेकडे दिमोन्यात घर मिळालं, आणि मी कापडाच्या गिरणीत लागले. त्या वेळी घरात आम्ही किती बायका होतो विचार. सासूबाई, लग्नाची नणंद, खालच्या मजल्यावर मावससासू. खोबरं एक किसायची, तांदूळ दुसरी निवडायची, मुलं तिसरीकडे. ती सगळी माणसं आठवणीतून गळून जातात आणि उरते फक्त आमटी. शिवाय एका शुक्रवारी गिरणीत जादा काम लागलं, मी घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मी टेबलावर उकडलेली अंडी, पाव आणि लिंबाचं लोणचं ठेवलं. सासऱ्यांनी मनुकांच्या पाण्यावर किद्दुश म्हटला, आपल्याकडे कोकणात करायचे तसा, आणि लोणच्याबरोबर पाव खाल्ला. दोनदा मागून घेतला. सासूबाईंनी ती गोष्ट पुढे अकरा वर्षं पाहुण्यांना सांगितली, हे खरं. पण शबात झाला.

म्हणून सासूबाईंना माफी मागायला जाऊ नकोस. काम मागायला जा. गुरुवारी संध्याकाळी फोन कर आणि म्हण, "आई, उद्या आमटी तुमच्या हातची हवी, तुमच्याच घरी करा, नारळ आणि मासा हा आणून देईल, पातेलं हाच घेऊन येईल." खोबरं खवायला जमत नसेल तर खवलेलं गोठवलेलं मिळतं, तेही हाच आणेल. "हा" कोण ते तुला कळलंच असेल.

आता त्याच्यावर येते. त्या बिचाऱ्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. "मदत करतो, सांग काय करायचं ते." ऐकायला किती गोड! पण सगळं सांगायचं तर आधी सगळं डोक्यात ठेवायला हवं. तेल संपलंय, मुलाचा एक सॉक सापडत नाही, जाऊबाईंची मोठी मुलगी मासा खात नाही, सोमवारी लस आहे. ती यादी डोक्यात वाहून नेणं हेच मुळात काम आहे, आणि तो त्यातलं एक ओझं उचलायला तयार आहे, यादी नाही.

आणि बघ, शुक्रवार इथे कसा असतो. त्याला सुट्टी. गन मात्र चालू, दुपारी बारा-एकच्या दरम्यान सुटतो. म्हणजे सकाळी आठला मुलांना सोडल्यापासून चार तास घरात कोणी नाही, दुकानं उघडी आहेत, बाजार भरलेला आहे. अख्ख्या आठवड्यात या देशात कोणाला मिळत नाहीत असे चार तास त्याला मिळतात. त्या वेळात तो काय करतो हे तू लिहिलं नाहीस. मी लोदला राहते, आमच्या चौकातल्या कॅफेत शुक्रवारी सकाळी किती नवरे बसलेले असतात ते मला खिडकीतून दिसतं. त्याच वेळी तू वॉर्डात सलाइन लावत असतेस. तीनला सुटलीस की बस मिळेल की नाही ही धाकधूक, कारण दुपारनंतर बसेस बंद होत जातात. डिसेंबरात मेणबत्त्या सव्वाचारच्या सुमाराला लावाव्या लागतात, आणि शबात लागला की स्वयंपाक बंद. म्हणजे घरी पोचून तुझ्या हातात अर्धा-पाऊण तास. दहा माणसांचं जेवण अर्ध्या तासात कोणालाच जमणार नाही. जूनमध्ये संध्याकाळ साडेसातपर्यंत लांबते तेव्हा निभतं, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं की निभतं.

अजून एक. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर तो किती महिने मिलुइमला होता, राखीव सैन्यात, ते तू एका ओळीत उरकलंयस. मला ती ओळ मोठी वाटली. त्या महिन्यांत सायरन वाजला की पंचेचाळीस सेकंदांत दोन लेकरांना ममादमध्ये नेणं, पाळी सांभाळणं, शबात करणं, हे सगळं तू एकटीने केलंस. तो परत आला तेव्हा त्याला मिठ्या मारल्या गेल्या, आणि मारायलाच हव्या होत्या. तुला कोणी विचारलं? घराला मात्र सवय लागली की ही एकटी करते. त्यालाही. मला वाटतं तुझा संसार तिथे वाकडा झाला. विकतच्या माशाच्या दिवशी तो नुसता दिसला.

त्याच्याशी बोल, पण शुक्रवारी नको आणि सगळ्यांसमोर नको. तो जसा बोलला तसं तू बोलू नकोस. रविवारी रात्री मुलं झोपल्यावर बोल. "मदत कर" हा शब्द वापरू नकोस. म्हण, "शुक्रवार तुझा." खरेदी, हल्ला, भात, सॅलड, टेबल, प्लाता (शबातला अन्न गरम ठेवायची विजेची पाटी) लावणं, मुलांच्या आंघोळी, सगळं. तू येशील, आंघोळ करशील, मेणबत्त्या लावशील. तुझा शुक्रवार सुट्टीचा असेल त्या आठवड्यात अर्धं-अर्धं.

यात तुझीही परीक्षा आहे हो. तू लिहिलंयस, "त्याला सांगण्यापेक्षा केलेलं बरं." हे वाक्य आपल्या बायकांचं शत्रू आहे. तो कोथिंबीर देठासकट घालेल. भात चिकट होईल. एखाद्या आठवड्यात तोही डबेच आणेल, आणि मग बघ, सासूबाई मुलाने आणलेला मासा किती आवडीने खातात. तेव्हा फक्त हसायचं, बोलायचं काही नाही.

तापाच्या रजेचं तर कायद्यातच आहे. 16 वर्षांखालच्या मुलाच्या आजारपणासाठी आई-बापाला वर्षाला 8 दिवस आपल्या आजारपणाच्या रजेतून घेता येतात. आईला असं लिहिलेलं नाही, पालकाला लिहिलंय. दोघांनी एकाच दिवशी नाही, एवढंच. पुढचा ताप त्याचा.

रुग्णालयातही जरा तोंड उघड. तुझ्या वॉर्डात अरब मैत्रिणी असतीलच. ईदच्या दिवशी तू त्यांची पाळी घे, शुक्रवारची एखादी त्या तुझी घेतील. इथल्या रुग्णालयांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. तीनाचे दोन शुक्रवार झाले तरी खूप. आणि दहा माणसं दर आठवड्याला तुझ्याकडेच का, हा प्रश्न मी जाऊबाईंसाठी राखून ठेवते. त्यांच्याकडेही टेबल असेल.

आता लेकीचं. तुला ते वाक्य बाणासारखं लागलंय. मला नाही लागलं. "इमा शबातला झोपते." मग काय झालं? इथे हिब्रूत म्हणच आहे की शबातची झोप म्हणजे सुख. दुपारी दोन ते चार अख्खी इमारत गप्प असते, कोणाचं पोर जिन्यात ओरडलं तर शेजारीण दार उघडून दटावते. पाच वर्षांची मुलगी गनमध्ये काय पाहिलं ते सांगते, तक्रार करत नाही. तिच्याजवळ दहा मिनिटं आडवी हो, गोष्ट सांग, ठाण्याच्या घराची सांग, मराठीतच सांग. तिला समजेल तेवढं समजेल. ती झोपली तर उत्तम, नाहीतर चित्रांचं पुस्तक देऊन तू झोप.

गनमध्ये शुक्रवारी एक मुलगी आईची भूमिका घेऊन शबात साजरा करते; तिची ती "शबातची इमा" व्हायची पाळी येतेय आणि केक कधी करू, असंही तू विचारलंयस. गनच्या बाईंना विचार आधी. बऱ्याच ठिकाणी घरचं चालतच नाही, शिक्का असलेला बंद पाकिटातलाच लागतो, शेंगदाणे-बदाम नसलेला. म्हणजे ज्या विकतच्या खाण्यापायी तू रडलीस, तेच तिथे सक्तीचं!

बेने इस्राएलांना कोकणात शनवार तेली का म्हणायचे, ते सासूबाईंना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आपले लोक तेल गाळायचे, आणि शनिवारी आपला घाणा बंद. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. तोरातल्या "अनुवाद" या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शबातच्या आज्ञेत नावं मोजून दिलीत: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारातला परकाही. बायकोचं नाव नाही. पंडित सांगतात की "तू" म्हटल्यात तीही आली. असेल. मी मात्र गिरणीतून दमून आलेल्या रात्री मनातल्या मनात बैलाच्या जागी माझं नाव घालून म्हणायची. सासऱ्यांना एकदा ऐकू गेलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी ताटं त्यांनी मांडली.

दोन-तीन शुक्रवार गेले की मला लिही, आमटी कशी झाली ते. आणि एक विचारायचं राहिलं. तो मासा कोणत्या दुकानातला? माझी सून या शुक्रवारी कामावर आहे, आणि माझ्या गुडघ्यांना आता ओट्याशी उभं राहवत नाही.

तुझी,
मावशी