लोहाच्या गोळ्या चालू असूनही गरोदर सुनेचं हिमोग्लोबिन पाचव्या महिन्यात 9 च का?

सुनेच्या गोळ्या बहुतेक चुकीच्या वेळी पोटात जात आहेत. इंदूरच्या घरांत सकाळी पोहे आणि चहा, त्यावरच लोहाची गोळी आणि लगेच कॅल्शियमची, असा क्रम सर्रास दिसतो. चहातलं टॅनिन आणि कॅल्शियम, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत द्या; चहा आणि कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. मळमळलं तर रात्री झोपताना द्या, पण बंद करू नका. काळी शौच होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

7 ते 9.9 म्हणजे मध्यम रक्तक्षय. यात सरकारी 60 मिलिग्रॅमच्या, फॉलिक अ‍ॅसिडसह, रोज दोन गोळ्या देतात. तिला एकच मिळत असेल तर डॉक्टरांना विचारा. जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या तिमाहीत झाली का, तेही बघा. महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर बी-12 जीवनसत्त्व, तसंच थॅलेसिमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार तपासून घ्या. शिरेतून लोह द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतील. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. धाप लागली किंवा पायांवर सूज आली तर मात्र 9 तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.