एंड्युरन्स स्पर्धेच्या गर्दीत घोडी बेभान होते, तिला शांत कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेली मारवाडी घोडी रानात एकटी असली की गरीब गाय असते, पण चार घोडे एकत्र दिसले की जागच्या जागी नाचायला लागते. अडीच महिन्यांनी ४० किमीची एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची घोड्यांची स्पर्धा आहे, तोवर ती सुधारेल का आणि त्या दिवशी शांत राहायला काही पूड-औषध द्यावं का, असा तुमचा प्रश्न.

औषध अजिबात नको, त्याचं कारण खाली सांगतो. सुधारेल का, तर बरीच सुधारेल. फक्त ते काम आजपासून घरी करायचं आहे. स्पर्धेच्या सकाळी करण्यासारखं फार थोडं उरतं.

आधी एक गोष्ट विकणाऱ्याकडून खात्री करून घ्या: घोडीला नाच शिकवलाय का? आपल्याकडच्या बाजारांत नाचकाम शिकवलेल्या घोड्यांना चांगला भाव येतो, त्यामुळे शक्यता दाट आहे. असा नाच शिकवताना लगाम आखडून धरतात, टाच देतात, पुढे जाऊ देत नाहीत, वरून ढोल. आता तुम्ही गर्दीत काय करता ते आठवा. घोडी उधळेल या भीतीने दोन्ही हातांनी लगाम आवळता आणि नकळत पाय घट्ट करता. म्हणजे तिच्या हिशोबाने तुम्ही नाचायचा हुकूम देताय, आणि ती बिचारी तो पाळते. लोक अशा घोडीला ‘गरम डोक्याची’ म्हणून मोकळे होतात.

त्यावर उपाय म्हणजे सैल लगाम. घरी मोकळ्या जागेत चालवताना ती आखडली की फक्त एका बाजूचा लगाम हळूच घ्या आणि मोठ्या वर्तुळात फिरवा. तिने मान खाली टाकली, जबडा चघळल्यासारखा हलवला की त्याच क्षणी लगाम सोडा. ते सोडणं हेच तिचं बक्षीस. दोन सेकंद उशीर झाला तर शिकवणी वाया. रोज थोडा वेळ केलंत तर मान खाली टाकणं ही तिची सवय होते. मग दोन-तीन ओळखीच्या घोडेवाल्यांना बोलवा. कधी त्यांच्या मागे राहा, कधी त्यांना मागून येऊन पुढे जाऊ द्या, कधी फाट्यावरून वेगळ्या वाटेने निघा. सोबतचा घोडा दृष्टीआड झाला तरी आपलं काही बिघडत नाही, हे तिला कळायला हवं. जमलं तर एखाद्या स्पर्धेला भाग न घेता नुसतं घेऊन जा, दिवसभर बांधून चारा खाऊ द्या आणि परत आणा.

या खेळात शांतपणाला एवढी किंमत का, तर इथे नाडीचा हिशोब चालतो. आंतरराष्ट्रीय नियमांच्या धर्तीवर होणाऱ्या स्पर्धांत प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य तपासतात आणि ठरलेल्या मिनिटांत ठोके साधारण ६४ किंवा त्याखाली यावे लागतात. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४० असतात. मधल्या टप्प्यांवर घोडा तपासणीला हजर करेपर्यंत घड्याळ चालूच असतं. म्हणजे दौडत पहिला आलेला आणि तिथे थयथयाट करणारा घोडा, मागून चालत आलेल्या शांत घोड्याच्या मागे पडू शकतो. ५६ वर आलेली नाडी शेजारचा घोडा खिंकाळला की क्षणात ८० च्या घरात जाते, हे स्टेथोस्कोप कानाला लावून ऐकलं की पटतं.

तो स्टेथोस्कोप आजच घ्या, साधा चालतो. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे ठेवायचा. ‘लब-डब’ मिळून एक ठोका. १५ सेकंद मोजून चारने गुणा. पहिल्यांदा बहुतेक घोडी अंग चोरते, म्हणून नळी नुसती अंगावरून फिरवण्यापासून सुरुवात करा. मोजताना दुसऱ्या हाताने खोगिराच्या पुढे, आयाळ संपते तिथला उंचवटा खाजवत राहा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवल्याने ठोके खरोखर उतरतात. मानेवर धपाधप थोपटण्याने तुमचं समाधान होतं, घोडीचं नाही.

हातात धरून दुडकी पळवायलाही शिकवा. मारवाडी घोडी रेवाल चालीची (हिसके न देणारी, सपाट जलद चाल) असेल तर बसायला मजा, पण लंगडणं नीट दिसतं ते दुडकीत, आणि डॉक्टर तेच बघतात. पुष्कळ ठिकाणी ठोके मोजून सुमारे ४० मीटर जा-ये पळवतात आणि पळायला लागल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर घोडी दमलीये किंवा कुठेतरी दुखतंय.

तयारीचं थोडक्यात: अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नका. हृदय-फुप्फुसं दोन-तीन महिन्यांत तयार होतात, कंडरा आणि हाडांना वर्ष लागतं. त्यामुळे घोडी दमत नाही म्हणजे पायही तयार, असं धरू नका. आज ती १५-२० किमी आरामात करत नसेल तर ही स्पर्धा सोडून पुढची बघा.

खाण्यात चंदी जास्त आणि काम कमी, हे उधळणाऱ्या घोड्यांमागचं नेहमीचं कारण. दाणा आवरा, गवत-कडबा भरपूर ठेवा. पोटात चारा असलेली घोडी डोक्यानेही थंड असते. पाण्याबद्दल मात्र जुन्या मोतद्दारांचं ऐकू नका. तापलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही, असं ते छातीठोक सांगतात. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा कितीतरी खारट. पाण्याबरोबर क्षारही गेल्याने रक्त फारसं दाट होत नाही आणि खूप पाणी गमावूनही त्याला तहान जाणवत नाही. म्हणून वाटेत पिईल तिथे थोडं थोडं पिऊ द्या. क्षारांची पूड द्यायची तर ती पाणी पीत असेल तरच. परक्या बादलीतून, परक्या गावचं पाणी प्यायची सवय घरूनच लावा. टप्प्यावर पोचल्यावर मानेवर, छातीवर, पायांवर गार पाणी ओता, निथळून काढा, पुन्हा ओता.

स्पर्धेच्या दिवशी घोळक्यात निघू नका. आयोजकांना विचारून दहा मिनिटं मागे थांबा, सगळे नजरेआड गेले की चालत सुरुवात करा. भडकली तर उतरून हातात धरून चाला. आंतरराष्ट्रीय नियमांत सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर पाठीवर असावं लागतं, मध्ये पायी चालायला हरकत नसते. टप्पा जवळ आला की शेवटचा किलोमीटरभर दौड बंद.

आता औषध. एसीपीसारखी गुंगीची औषधं रक्तदाब पाडतात. उन्हात घाम गाळणाऱ्या जनावराला ते जिवावर बेतू शकतं. ‘हर्बल’ पुड्याही निरुपद्रवी समजू नका. त्यांतल्या व्हॅलेरियनसारख्या वनस्पती आंतरराष्ट्रीय नियमांत निषिद्ध आहेत, आणि नमुना घेतला तर जबाबदारी तुमची.

वाट मुरमाड आहे की बरीचशी डांबरी, आणि घोडीला सध्या नाल कसे आहेत, ते कळवा. नालबंदीचं त्याप्रमाणे सांगतो. नाल बदलायचे असतील तर ते शेवटच्या आठवड्यात नको.