वसंतात हेल्गोलँड बेटावर एखाद्याच दिवशी पक्ष्यांची एवढी गर्दी का होते?

याचे मुख्य कारण हवामान हे आहे. उत्तर समुद्रातील या जर्मन बेटावरून स्कँडिनेव्हियाकडे परतणारे कस्तूर, रॉबिन, वटवटे यांसारखे पक्षी बहुतांशी रात्री उडतात आणि आकाश निरभ्र व वारा पाठीशी असल्यास न थांबता पुढे जातात. परंतु वाटेत पाऊस, धुके किंवा उलटा वारा लागला, की दमलेल्या पक्ष्यांना उतरायला जवळपास दुसरी जमीनच नसते. त्यामुळे निरीक्षकांना वाईट हवा लाभदायक ठरते, पक्ष्यांना अर्थातच नाही. येथील पक्षी-अभ्यास केंद्र १९१० मध्ये सुरू झाले. झुडपांवर उभारलेल्या, निमुळत्या होत जाणाऱ्या जाळीच्या बोगद्यात पक्षी हाकून ओळखीसाठी त्यांच्या पायात कडी घालण्याची तेथील पद्धत पुढे इतर देशांतही पसरली. अनेक जातींत नर माद्यांच्या आधी पोहोचतात, कारण विणीसाठी चांगली जागा त्यांना लवकर धरायची असते.