हे कोणासाठी घेतलं?

“मॅडम, तसं काहीच कमी नाही. घर आहे, गाडी आहे, मुलगा चांगल्या शाळेत आहे. पण समाधान म्हणून नाही.”

या ना त्या शब्दांत हे सांगणारी माणसं दादरला माझ्याकडे समुपदेशनासाठी सतत येतात. बोरिवलीची, डोंबिवलीची, मुलुंडची. कोणी बँकेत, कोणी आयटीत, कोणाचा स्वतःचा धंदा. येतात ती झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात वाद होतात म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र बोलणं इथेच येऊन थांबतं. मग नवरा विचारतो, “माझ्यातच काही खोट आहे का?” आणि बायको विचारते, “हा इतका हावरट कधी झाला?”

याचं उत्तर महेशच्या गोष्टीतून द्यावंसं वाटतं. त्याची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींतलं थोडकंच इथे घेतलं आहे.

महेश ४३ वर्षांचा, खासगी बँकेत मधल्या फळीतला अधिकारी. आधी भांडुपला वन बीएचके, आता मुलुंडला दोन बेडरूमचा फ्लॅट. त्याच्या साडूने घोडबंदर रोडला तीन बेडरूमचं घर घेतलं. वरचा मजला, खाली स्विमिंग पूल, क्लब हाउस. वास्तुशांतीहून परतताना महेश गाडीत अवाक्षर बोलला नाही. पुढच्याच रविवारी त्याने बायकोला, स्मिताला, न विचारता ठाण्यातल्या एका नव्या टॉवरमध्ये दोन लाखांचं टोकन भरलं. त्यानंतर त्याला रोज पहाटे तीनला जाग येऊ लागली.

पहिल्या भेटीत तो भरभरून बोलला ते स्क्वेअर फुटांवर. कार्पेट किती, पार्किंग एक की दोन, ताबा कधी. मी मध्येच विचारलं, “आत्ताच्या घरात तुमची आवडती जागा कोणती?”

“म्हणजे?”

“निवांत बसायची. चहा घ्यायची.”

“मी साडेनऊला घरी पोचतो मॅडम. जेवतो आणि झोपतो.”

पुढच्या वेळी स्मिता सोबत आली. ती शांतपणे म्हणाली, “खरं सांगू? भांडुपच्या घरात आम्ही जास्त हसायचो.” महेश उसळला. “मग मी एवढी मरमर करतोय ती कोणासाठी?”

घराघरांत हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला जातो आणि भांडण पुढे सरकतं. मी तो तिथेच धरला. “प्रश्न चांगला आहे. खरंच शोधून काढू या का?”

बँकेतला माणूस, त्यामुळे सगळ्या खर्चाचं एक्सेल त्याच्या मोबाइलमध्ये तयारच होतं. घराचा हप्ता ६२ हजार, गाडीचा २१ हजार, मोठा टीव्ही, नवा फोन, मॉड्युलर किचन, शाळेची फी, दुबईची ट्रिप. मी म्हटलं, शेजारी फक्त एक रकाना वाढवा. ती गोष्ट घ्यायचं ठरलं त्या क्षणी कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर होता, त्याचं नाव लिहा. मला दाखवलं नाहीत तरी चालेल, पण खरं लिहा.

त्याने दाखवलं. गाडी: साडू. टीव्ही: साडू. मॉड्युलर किचन: सासूबाई, कारण त्या एकदा ‘ओटा जुन्या पद्धतीचा आहे’ म्हणाल्या होत्या. शाळा: बॉस, त्याची मुलगी तिथे आहे. दुबई: कॉलेजचा व्हॉट्सअॅप ग्रुप. अशी ती यादी खाली उतरत गेली. एका ओळीपुढचा रकाना मात्र कोरा होता. ‘गावचं संडास-बाथरूम, १ लाख ४० हजार.’

“इथे लिहायचं राहिलं?”

“नाही. इथे कोणी नव्हतंच.”

कणकवलीजवळच्या गावी त्याची आई राहते. तिचे गुडघे गेलेले. संडास परसात, पावसाळ्यात चिखलातून जावं लागायचं. महेशने रजा टाकून पडवीला लागून कमोडचं संडास-बाथरूम बांधून घेतलं. ओल्या पायाने घसरणार नाही अशी लादी मिळेपर्यंत कणकवलीतली दुकानं पालथी घातली. धरून उठायला भिंतीत स्टीलचा दांडा बसवायचा होता. गवंडी म्हणाला, नेहमीच्या उंचीवर लावतो. महेशने आईला तिथे आणलं, बसवलं, उठवलं, तिचा हात आपोआप भिंतीवर जिथे टेकला तिथे पेन्सिलने खूण केली आणि दांडा बरोबर त्या खुणेवर लावून घेतला.

हे सांगताना त्याचा आवाज सैल झाला होता. एवढा वेळ तो बोलला, पण त्यात एकदाही कोणाशी तुलना आली नाही.

मी विचारलं, “याचा फोटो कुठे टाकलात?”

“संडासाचा फोटो कोण टाकतं मॅडम?” तो हसला आणि मग गप्प झाला. बराच वेळ. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायचा मोह फार होतो. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट कमावली असेल तर ती ही, की मी त्या शांततेच्या मध्ये येत नाही. शेवटी तोच म्हणाला, “बाकीची प्रत्येक वस्तू घेतल्यावर मी पहिलं काय केलं माहितीये? साडूला फोन. आणि तो ‘अरे वा’ म्हणाला, की फोन ठेवेपर्यंतच बरं वाटायचं.”

त्या भेटीनंतर आम्ही मागे गेलो. महेशचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणी कामगार. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि त्यांना ती नोकरी परत कधीच मिळाली नाही. पुढे वॉचमनचं काम धरलं. आई डबे करून द्यायची. टीव्ही पाहायला पोरं काकांच्या खोलीत जायची, तेव्हा काकू महेशला आणि त्याच्या बहिणीला उंबऱ्याजवळ बसवायची. आतल्या सतरंजीवर इतरांची मुलं. “काकू वाईट नव्हती,” तो म्हणाला. “पण आपण कुठे बसायचं ते आपल्याजवळ काय आहे यावर ठरतं, हे मी तिथे शिकलो.”

माझ्या लेखी सगळी मेख या वाक्यात आहे. ज्याला आपण हाव म्हणतो तिच्या तळाशी बहुतेक वेळा भीती सापडते. पुन्हा उंबऱ्याजवळ बसावं लागेल, ही भीती. म्हणून ‘गरजा कमी करा’, ‘समाधानी राहायला शिका’ हा उपदेश अशा माणसाला लागू पडत नाही. घाबरलेल्याला आणखी अपराधी वाटतं, एवढंच होतं. मानसशास्त्रज्ञ टिम कॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. ज्यांना घरून माया आणि आधार कमी मिळाला होता, जी गरीब वस्तीत वाढत होती, ती मुलं आर्थिक यशाला जास्त महत्त्व देत होती. असुरक्षितता आणि पैशाचं वेड यांचा असा जवळचा संबंध आहे. गिरणगावात वाढलेली एक अख्खी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. तिच्या मुलाखतवजा गप्पा ऐकताना मला हे वारंवार दिसतं.

माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, हे मी लपवत नाही. तिच्यातली एक साधी गोष्ट महेशला उपयोगी पडली. ‘मला मोठं घर आवडेल’ ही इच्छा झाली. ‘मोठं घर नसेल तर मी साडूपेक्षा कमी प्रतीचा’ ही स्वतःवर लावलेली अट झाली. इच्छा अपुरी राहिली तर माणूस थोडा हिरमुसतो. अट मोडली तर तो स्वतःलाच मोडीत काढतो. महेशने टोकन भरलं ते घरासाठी नव्हे, ती अट पुरी करायला. आणि अशी अट कधीच पुरी होत नाही, कारण साडूच्या पुढेही कोणीतरी असतोच. लोकलमध्ये उभ्याला चौथी सीट मिळाली की दोन स्टेशनं आनंद, मग नजर खिडकीकडे लागते, तसंच हे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पैशाने सुख मिळत नाही, असं मी म्हणत नाही, आणि ज्याला महिनाअखेरीस वाण्याची उधारी फेडायची आहे त्याला तर कोणी म्हणूच नये. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं होतं, की साधारण ७५ हजार डॉलर वार्षिक उत्पन्नानंतर रोजच्या आनंदात भर पडत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांचे निष्कर्ष वेगळे आले. मग २०२३ मध्ये कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. बहुतेक लोकांचा आनंद उत्पन्नाबरोबर पुढेही वाढत राहतो, असं दिसलं. जे आधीच सर्वांत दुःखी होते त्यांच्या बाबतीत मात्र एका मर्यादेनंतर वाढत्या पैशाने फरक पडेना. पहाटे तीनला जागा होणारा महेश मला या दुसऱ्या गटातला वाटतो.

म्हणजे पैसा असणं ही एक गोष्ट आणि पैसा ही स्वतःला मोजायची पट्टी होणं ही दुसरी. कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये हेच दाखवलं. नाती, स्वतःचा स्वीकार, समाजासाठी काही करणं, या सगळ्यांच्या वर जे लोक आर्थिक यशाला बसवतात त्यांच्यात उत्साह कमी आणि चिंता, नैराश्य जास्त आढळलं. २०१४ मध्ये अशा अडीचशेहून जास्त नमुन्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही कल तोच निघाला. संबंध फार तीव्र नव्हता, पण पुन्हा पुन्हा दिसणारा होता.

आणखी एक जुना अभ्यास मी जोडप्यांना नेहमी सांगते. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं गेलं. ते त्याच भागातल्या इतर लोकांपेक्षा फारसे आनंदी नव्हते. शिवाय मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद, अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची मजा इतरांपेक्षा कमी होती. हे ऐकून स्मिता म्हणाली, “महेशला पोहे आवडायचे. आता मोबाइल बघत खातो, मीठ कमी आहे हेही कळत नाही.”

मग काय करायचं? महेशच्या घरी जे झालं ते सांगते, कारण बहुतेक घरांत ते जमण्यासारखं आहे.

तो रकाना त्यांनी चालू ठेवला. पाच हजारांवरची कोणतीही वस्तू घ्यायची तर आधी नाव लिहायचं आणि आठवडाभर थांबायचं. नाव साडूचं निघालं म्हणून वस्तू घ्यायचीच नाही असं नाही. पण कोणासाठी घेतोय हे ठाऊक असताना घ्यायची. निम्म्याहून जास्त वेळा आठवडा संपताना ओढ ओसरलेली असते, हा त्याचा अनुभव. हप्त्यांची बेरीज पहिल्यांदाच दोघांनी एकत्र बसून केली. माझ्या मते नवरा-बायकोने वर्षातून एकदा तरी एका टेबलाशी बसून हे करावं. लपवलेले हप्ते लपवलेल्या नात्याइतकेच घर पोखरतात, हे मी फार पाहिलं आहे. नव्या घराचा हप्ता हजारांत न मोजता संध्याकाळींत मोजायला मी त्यांना सांगितलं: तो फेडायला महेशला आणखी किती वर्षं साडेनऊला घरी यावं लागेल? उत्तर आलं तेव्हा मुलगा नववीत आहे आणि तोवर तो घरात नसेलही, हे दोघांना एकदमच सुचलं.

टॉवरचं बुकिंग त्यांनी रद्द केलं. टोकनातले पन्नास हजार कापले गेले, ते त्याला लागलं, आणि लागणारच. आठवड्यातून दोन दिवस तो आता आठच्या आत घरी असतो. तुलना गेली का? नाही, आणि जाईल असं मी कधी सांगितलंही नव्हतं. पण साडूकडे जाणं त्याला आता जड होत नाही. परवा फोनवर सांगत होता, साडूच्याच पूलमध्ये मुलाला पोहायला शिकवतोय.

मुलांविषयी पालक हमखास विचारतात. आमच्या पोराला आयफोनच हवाय, काय करू? ओरडू नका आणि लगेच देऊही नका. वर्गात कोणाकडे आहे, तो नसल्यामुळे तुला कुठे बाजूला बसवतात का, हे विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर त्याचा त्रास खरा आहे. तो फोनने सुटतो का, यावर बोला. आणि जेवताना आपल्याच तोंडून कोणाच्या गाडीचं, कोणाच्या पॅकेजचं किती कौतुक होतं, याकडे महिनाभर लक्ष द्या. मुलं भाव तिथेच शिकतात.

कर्ज आवाक्याबाहेर गेलं असेल तर आधी बँकेशी बोला, हप्ता बुडायच्या आत. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.