डॉक्सीसायक्लिन: ‘उष्ण पडले’ की घशाखाली अडकले?

प्रश्न: माझ्या ६२ वर्षांच्या वडिलांना लावणीच्या दिवसांत ताप आला. डॉक्टरांनी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूजन्य ताप) संशय धरून डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ सात दिवस घेण्यास सांगितले. तिसऱ्या रात्री त्यांनी ती घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि लगेच झोपले. सकाळपासून थुंकी गिळतानाही छातीच्या मधोमध दुखते. शेजारी म्हणतात, औषध उष्ण पडले, दुधातून द्या. औषध बंद करावे का? उरलेल्या कॅप्सूल वहिनीने प्रतिबंधासाठी घेतल्या तर चालतील का? ती गरोदर आहे आणि शेतात जाते. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्या. गिळताना होणाऱ्या वेदनेवरून कॅप्सूलचाच संशय येतो. तरीही या वयात छातीतील दुखणे परस्पर औषधाच्या माथी मारू नये, आधी ईसीजी काढून घ्यावा.

औषध उष्ण पडले, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. येथे मात्र दोष औषधाच्या उष्णतेचा नसून ते गिळण्याच्या पद्धतीचा असावा. कॅप्सूलचे जिलेटिनचे आवरण ओले झाले की चिकट होते, आणि पाणी कमी पडले किंवा माणूस लगेच आडवा झाला तर ती अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून तेथेच विरघळते. हे औषध पाण्यात विरघळल्यावर आम्लधर्मी होत असल्याने त्या जागी व्रण पडतो. म्हणून ती जेवणानंतर, बसून किंवा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे किमान अर्धा तास पाठ टेकू नये. रात्रीची मात्रा झोपताना न घेता संध्याकाळच्या पेजेनंतर घेतली, तर हा त्रास सहसा टळतो.

दुधाने या औषधाचे शोषण काहीसे घटते, त्यामुळे पाणीच बरे. खरी अडचण लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या औषधांची आहे. ती याच्याशी बांधली जातात आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही, म्हणून दोन्हींमध्ये दोन ते तीन तासांचे अंतर असावे. छातीत जळजळते म्हणून वडिलांनी कॅप्सूलसोबतच अँटासिड घेतले असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तेही सांगावे.

उन्हाने त्वचा लाल होऊन भाजल्यासारखी होणे हा याचा परिचित दुष्परिणाम असल्याने बांधावर जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. मळमळ थोडी होतेच. परंतु चेहऱ्यावर सूज, धाप, अंगभर पुरळ, रक्तमिश्रित जुलाब, किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर तातडीने रुग्णालय गाठावे.

औषध स्वतःहून मध्येच सोडू नका. लेप्टो मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो. डॉक्सीसायक्लिन सोसवत नसेल, तर डॉक्टर दुसरे प्रतिजैविक देऊ शकतात.

उरलेल्या कॅप्सूल वहिनींना देऊ नका. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिले जाते हे खरे, पण गरोदरपणात ते सहसा टाळतात, कारण या (टेट्रासायक्लिन) गटातील औषधे गर्भाच्या वाढत्या दातांत आणि हाडांत बसतात. आठ वर्षांखालील मुलांच्या बाबतीतही हाच विचार होतो. अर्थात आजार गंभीर असेल तर डॉक्टर ते मुलांनाही देतात. वहिनींनी या हंगामात चिखलात उतरू नये, हेच बरे. ते अगदीच टळणार नसेल, तर गमबूट घालावेत, पायावरची जखम झाकावी आणि ताप आल्यास अंगावर न काढता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गरोदर असल्याचे आधी सांगावे.